फेस बसू द्या

"फेस बसू द्या आधी, भाऊ. मग माप धरू."

परभणीतल्या आमच्या गल्लीत सकाळ उजाडायची ती या वाक्यानं. झरीहून मोटारसायकलला कॅन लावून येणारा दूधवाला उंचावरून धार सोडायचा, मापावर फेस चढायचा आणि माझ्या समोरच्या घरातल्या मावशी पातेल्यावर हात आडवा धरायच्या. फेस पुरता खाली बसेपर्यंत हात निघायचा नाही. मागे आम्ही सगळ्या ताटकळत. शाळेत पहिला तास माझाच, उशीर होतो म्हणून मी कुरकुरले की म्हणायच्या, "फेसानं का पोट भरतंय, बाई? पेडगावात म्हशी सांभाळल्यात मी. मला नका शिकवू."

तुमच्याही गल्लीत असं माणूस असेलच, मापाला पक्कं आणि मनानं सैल. याच मावशींनी मी तापानं फणफणले तेव्हा न सांगता दोन्ही वेळचा डबा आणून दिला होता. तोही सगळा संपेपर्यंत समोर बसून.

फक्त एका बाबतीत त्या ताठ राहिल्या. एकुलत्या एक मुलानं पुण्यात आपल्या ऑफिसातल्या मुलीशी कोर्टात लग्न केलं आणि आईला नंतर कळवलं. मावशींनी वर्षभर त्याचा फोन उचलला नाही. मग एका दुपारी उचलला. दोघं दिवाळीला यायचं ठरलं.

लगेच मावशी माझ्या स्वयंपाकघरात हजर. "ओ बाई, ते कापुचीनो करता येतं का तुमाला? सून चहा पीत न्हाई म्हणं. तेच पिती."

ती कॉफी मी एकदाच प्यायले होते, संभाजीनगरला. नाकाला फेस लागला होता, एवढंच आठवत होतं. "वर दुधाचा फेस असतो, मावशी. तोच तर महत्त्वाचा."

"फेस?" त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "नव्या सुनंला पयल्याच दिवशी फेस पाजू?"

तरी लागलो कामाला. मावशींनी सवयीनं म्हशीचं दूध खळखळून उकळलं आणि रवी घातली. सायीचे गोळे वर तरंगले. "लोणी निघायलंय की हे!" मी मोबाइलवर पाहून सांगितलं, की दुधाला उकळी येऊ द्यायची नाही, बोटाला चटका बसेल इतकंच तापवायचं. हे त्यांना मुळीच पटेना. न उकळलेलं दूध त्यांनी कधी मांजरालाही दिलं नव्हतं. शेवटी तडजोड झाली. सकाळी उकळलेलं दूध गार करून साय काढायची आणि तेच पुन्हा तापवायचं.

उभ्या तांब्यात दूध ओतून मावशींनी रवीचं डोकं अर्धवट बुडवलं आणि दोन्ही तळव्यांत दांडी फिरवली. तांब्या ओट्यावर हलकेच आपटला तसे मोठे बुडबुडे फुटले आणि वर मऊ, दाट फेस उरला. मी कपात कडक कॉफी तयार ठेवली होती. पण मावशी तांब्या बाजूला ठेवून शांत उभ्या.

"ओता ना!"

"बसू द्या की जरा."

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याही हसल्या. मग एकदम खुर्चीत बसल्या. "बाई, ती मला काय म्हणंल हो? काकू म्हणली तर?"

मी दूध पुन्हा गॅसवर ठेवलं.

दोघं आली त्या दिवशी मावशींनी मलाही बोलावून घेतलं होतं. मुलगा भिंतीकडे बघत होता. सून पलंगाच्या कडेला अंग चोरून बसली होती. बिचारी तीही घाबरलेलीच. आतून रवीचा घुमघुम आवाज आला आणि मावशी कप घेऊन जवळजवळ धावतच बाहेर आल्या. फेस कपाच्या काठावर उभा होता.

"लवकर पी गं माय," त्या म्हणाल्या, "फेस बसंल."

मी दारात उभी होते. माझा कानांवर विश्वास बसेना.

सुनेनं घोट घेतला. वरच्या ओठावर पांढरी रेघ उमटली. मावशींनी पुढे होऊन ती पदरानं पुसली आणि मुलगी हसली. "आई, अजून फेस आहे का?"

मावशी आत गेल्या. बराच वेळ रवीचा आवाज आला नाही. मग आला.

आता त्या पुण्यालाच असतात. रवी सोबत नेली. समोरच्या दाराला कुलूप आहे. त्यांचं छान चाललंय याचा मला आनंद आहे, पण सकाळी पातेलं घेऊन उभी राहिले की चुकल्यासारखं होतं.

परवा शाळेची घाई होती. दूधवाल्यानं माप भरलं आणि ते तसंच हातात धरून तो थांबला. मी म्हटलं, "ओता भाऊ, उशीर होतोय. मावशी नाहीत आता."

त्यानं कुलपाकडे पाहिलं. "बसू द्या, बाई," तो म्हणाला.

मी थांबले.