हरिपूरचं पेव

हे मी अजून कुणाजवळ बोललो नाही, बायकोजवळसुद्धा नाही. आज पहिल्यांदा तुम्हाला सांगतोय.

माण तालुक्यातून सातवीत शाळा सोडून मी सांगलीला आलो आणि अण्णांच्या हळदीच्या पेढीवर राहिलो. टायफॉईड झाला तेव्हा मिरजेच्या दवाखान्यात माझ्या उशाशी अण्णाच बसून होते. अशा माणसाचं मी काय केलं?

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि अण्णा नगरपालिकेला उभे राहिले. प्रचाराच्या पत्रकात त्यांची माहिती मी लिहायची होती, अक्षर बरं म्हणून. अण्णा स्वतःचं काही सांगेनात. वाचनालयात मी एका अमेरिकन गिरणीवाल्याचं चरित्र वाचलं होतं, शंभर वर्षांमागचं. पीक बुडालं त्या साली त्यानं आपलं कोठार गावाला उघडं केलं, पुढं गावानं त्याला निवडून दिलं. ते कोठार मी उचललं. लिहिलं — अण्णा पाळण्यात असताना दुष्काळ पडला, तेव्हा त्यांच्या वडिलांनी हरिपूरचं आपलं पेव, म्हणजे जमिनीखालचं कोठार, गोरगरिबांना मोकळं केलं.

अण्णांनी विचारलं, तुला कुणी सांगितलं? तिथंच खरं बोलायचं होतं ना? मी म्हणालो, "आप्पांनी." आप्पा त्यांचे वडील — वर्षापूर्वी गेलेले. शेवटच्या दुखण्यात त्यांचे पाय मीच चेपायचो. अण्णांनी डोळे पुसले. "मला कधी बोलले न्हाईत रं."

आमच्या माणात पेव म्हणजे ज्वारीचं. हरिपूरच्या पेवात हळद असते, हे रोज बघूनही लिहिताना सुचलं नाही. सभेत हरिपूरचा एक म्हातारा पत्रक हातात घेऊन उठला. "आवं अण्णा, त्या पेवात माझ्या बापानं जन्मभर हळद भरली. दुष्काळात लोकांनी हळद खाल्ली व्हय?"

"म्हणून तर माणसं पिवळी पडली गड्या," मागून कुणीतरी म्हणालं. सभा हसत सुटली. अण्णा माईकपाशी वाकले. एवढंच म्हणाले, "आप्पांनी सांगितलं, ते छापलं." मी पुढच्याच रांगेत होतो. उठलो का? नाही.

निवडणूक हातची गेली. त्याचं अण्णांना फारसं नव्हतं. पण जाता जाता बाप खोटा मोठेपणा सांगून गेला, हे त्यांच्या मनानं घेतलं. पेढीवर आप्पांचा फोटो आहे, त्याला अण्णा रोज स्वतः हार घालायचे. सभेच्या दुसऱ्या दिवशी फुलवाली हार घेऊन आली. अण्णा मान वर न करता म्हणाले, "उद्यापासनं नको."

तिला नीट ऐकू गेलं नाही. दारापर्यंत जाऊन मीच तिला परत सांगितलं.