फोन करू नका, सिस्टर

शारजातल्या एका शाळेत मी नर्स आहे, ब्रेकिंग न्यूज देणारी बाई नाही. पण हे चौथीतल्या एका मुलीच्या आईला कोण सांगणार? लेक खरचटलेला गुडघा घेऊन आली, मी मलम लावलं, विषय खलास. संध्याकाळी त्या आईबाईंना ते पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं आणि सकाळी मला फोन. "सिस्टर, तिला दमा आहे. ती क्लिनिकमध्ये आल्याचं मला बाहेरून कळतं? उद्या काही झालं म्हणजे?"

अहो, दमा आहे म्हणून गुडघ्याचाही फोन करायचा? आमचा नियम साधा. डोक्याला मार लागला, ताप आला किंवा धाप लागली तर लगेच घरी कळवायचं, बारीकसारीक गोष्टींसाठी नाही. पण बाईंनी प्रिन्सिपलना गाठलं आणि मला हुकूम आला की ही मुलगी क्लिनिकची पायरी चढली की फोन झालाच पाहिजे.

मग केले फोन. नख तुटलं, फोन. पोट दुखलं, फोन. बाई तिकडे दुबईत, सिलिकॉन ओएसिसमधल्या ऑफिसात नव्यानेच लागलेल्या, नोकरी अजून पक्की व्हायची होती. तरी जीव मुठीत धरून दोनदा टॅक्सीने आल्या. दुसऱ्या वेळी त्यांचा साहेब फोनवर असा ओरडत होता की मलाही ऐकू आलं. शेजारी बसलेल्या लेकीलाही आलं.

त्यानंतर मुलगी यायचीच बंद झाली. सुटले बाई एकदाची, म्हटलं मी!

मग एका सकाळी धूळ उठली. समोरचे टॉवर दिसेनात, पोरांना वर्गातच बसवलं. मी पाणी भरायला निघाले तर मुलींच्या बाथरूममधून बारीक शिट्टीसारखा आवाज. मी आत धावले. बेसिनखाली ती बसलेली, खांदे वरखाली होताहेत, ओठ निळसर. तिचा पंप माझ्या कपाटात, कारण शाळेत औषधं क्लिनिकमध्येच ठेवतात.

"अगं, आली का नाहीस?" मी ओरडलेच.

तिने मान हलवली. "नो क्लिनिक... मम्मा विल गेट द कॉल."

तशीच उचलून क्लिनिकमध्ये आणली तिला. आधी पंप दिला, मग ऑक्सिजनचा मास्क लावला. "घे बाळा, श्वास घे." शिट्टी काही थांबेना. एका हाताने तिची पाठ धरून मी अँब्युलन्सला फोन केला, मग आईला. "या. आत्ताच्या आत्ता या," एवढंच बोलले.

अँब्युलन्सची माणसं आली तोवर देवाच्या दयेने ओठांवर रंग परतला होता. त्यांचं तपासणं आटपत आलं तेव्हा बाई आत शिरल्या. "आधी का नाही कळवलंत मला?" माझं डोकंच फिरलं, चांगलं सुनावणार होते. तेवढ्यात लेकीने मास्क बाजूला केला.

"सॉरी, मम्मा. आय वोन्ट कम हिअर अगेन. यू गो टू ऑफिस."