बसंना तर दाबायचं न्हाई

कंप्युटरच्या सामानाच्या दुकानात रिकामी खोकी फेकत नाहीत. वॉरंटीला लागतील म्हणून ठेवतात. एकावर एक, पार छतापर्यंत. खालचं एखादं ओढायला गेलं की वरची चार डोक्यावर येतात! दुकानातल्या गोष्टींचंही तसंच झालंय. परवा शेजारच्या चहावाल्यानं विचारलं, "मामा, तुम्हाला इंग्रजी येत न्हाई, मग कंप्युटरच्या दुकानात करता काय?" एवढंच विचारलं बिचाऱ्यानं. त्याचा चहा उतू गेला तरी माझं सांगणं संपेना!

दुकान नांदेडचं. मालक अन्वरभाई. जोडणीचं काम मंजुषाताई करते. वयानं माझ्या लेकीएवढी, पण कामात माझी गुरू. मी आधी मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती वाहायचो. कंबर गेली तेव्हा अन्वरभाई म्हणाले, "मामू, पोती राहू द्या. माझ्याकडं खोकी उचला, हलकी असतात." शाळा मला घडली नाही. मराठी अक्षर लावून लावून वाचतो, इंग्रजीचं नुसतं चित्र बघतो. सहा वर्षं झाली, पण कोणी 'ऊठ' म्हणालं नाही. आजकाल एवढं कोण करतं?

*

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. मंजुषाताई जेवायला गेली होती. टेबलावर एक नवा बोर्ड उघडा पडलेला. बोर्ड म्हणजे कंप्युटरची मोठी पाटी, सगळं सामान तिच्यावर बसतं. मधोमध एक चौकोनी खळगा, तिथं बिस्किटाएवढा प्रोसेसर बसतो. विचार करायचं काम त्याचं. तर त्या खळग्यात मला बारीक बारीक केसं दिसली. म्हटलं, काय कचरा साचलाय! रंगाचा ब्रश घेतला आणि चांगला घासून काढला.

ती केसं नव्हती. त्या तारा होत्या. एकेक तार प्रोसेसरला टेकली पाहिजे, तर बोर्ड चालणार!

मंजुषाताई आली, बघितलं, आणि भिंग आणि सुई घेऊन बसली. दुपार गेली, संध्याकाळ होत आली, एकेक तार सरळ करून राहिली. मी बाजूला उभा. अन्वरभाईनं विचारलं, "ये किसने किया?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात हीच म्हणाली, "चूक माझी आहे भाई. मामाला सांगायचं मी विसरले."

बोर्ड चालू झाला. मग मला जवळ बसवून शिकवलं. काही प्रोसेसर चपटे असतात, त्यांच्या तारा बोर्डात. काही काट्यांचे असतात, काटे त्यांच्याच पोटाला. कोपऱ्यात बारीक त्रिकोण असतो, त्रिकोणाला त्रिकोण लावायचा. "आन् मामा, अलगद बसतं. बसंना तर दाबायचं न्हाई. समजायचं, जोड चुकलाय."

मोंढ्यात माझा सगळा जन्म दाबण्यात गेलेला! पोतं मावंना की गुडघा लावायचा, हीच माझी विद्या. ती विसरायला मला लई दिवस लागले.

*

कोणता प्रोसेसर कोणत्या बोर्डाला, हे खोक्यावर इंग्रजीत असतं. मला कसं कळावं? मी एक युक्ती काढली. माझी सून संगीता शिलाई करते. तिच्याकडून रंगीत दोरे आणले. मंजुषाताईनं सांगायचं, मी बांधायचं. हिरव्या दोऱ्याचा प्रोसेसर हिरव्या दोऱ्याच्या बोर्डाला, लाल लालला, पिवळा पिवळ्याला. अन्वरभाई आधी हसले, मग त्यांना स्वतःलाच सवय लागली. "मामू, एक पिवळा जोड निकालो!"

हिमायतनगरचे एक पाटील हिरवा जोड घेऊन गेले. महिन्यानं त्यांचा फोन.

"मामा, घात झाला! दोरा उंदरानं कुरतडला."

"कोणता दोरा?"

"तुम्ही बांधलेला वो! मी खोक्यावरचा काढून कंप्युटरला बांधला हुता. आता बंद करून ठिवलाय. चालू करू का नको?"

मी परोपरीनं सांगितलं, दोरा निव्वळ ओळखीसाठी असतो, बिनधास्त चालू करा. पाटलाला पटेना. दुसऱ्या दिवशी एसटीनं दुकानात हजर! "लाल नको, तोच हिरवा द्या." दिला. दोरा खिशात जपून ठेवला, पायरीपर्यंत गेले आणि परत फिरले.

"मामा, ह्याला पाळायचं काय काय असतंय?"

म्हटलं, "काही न्हाई. धूळ तेवढी पुसत जा."

"सोमवारी का शनिवारी?"

*

लातूरचे एक सुतारकाका आले होते. प्रोसेसर एका दुकानातून घेतलेला, बोर्ड दुसऱ्या दुकानातून. दोन्ही स्वस्तात मिळाले म्हणून खूश! मंजुषाताईनं बघताच सांगितलं, "काका, हे एकमेकांत बसत न्हाईत. ह्यातलं एक बदलावं लागंल."

काका म्हणाले, "कितीचा फरक हाय?"

"म्हणजे?"

"आखूड पडतंय का लांब?"

"काका, थोडं मोठं पडतंय, पण..."

काकांनी खिशातून बारीक कानस काढली! "मग हिकडं आण की माय. तीस वर्षं दाराच्या चौकटी बसवून राहिलो. दोन हात मारतो, गपकन बसंल."

दुकानातली गिऱ्हाइकं हसायला लागली. मंजुषाताई हसली नाही. तिनं शांतपणे सांगितलं, "काका, दार तासून बसवता येतं. पण कुलूप तासून चावी लागंल का?"

काकांनी कानस खिशात टाकली. "असं बोल की! मघापासून बोर्ड बोर्ड करून राहिली."

बोर्ड ज्याचा त्याला परत गेला, आणि काकांना आमच्याकडचा जुळणारा बोर्ड मिळाला. जाता जाता आमच्या दुकानाचं दार जमिनीला घासत होतं, तेवढं तासून दिलं. अजून घासत नाही!

*

आता घरचं सांगतो, कारण एक वर्ष सगळं एकाच काळजीत गेलं.

माझं घर मुदखेडला. पोरगा बालाजी, सून संगीता, एक नात. बालाजीला पुण्यात कंपनीत काम मिळत होतं. "हितं काय ठिवलंय?" हे त्याचं दिवसातनं दोनदा. त्याचंही चूक नव्हतं. टेम्पोवर कधी काम असायचं, कधी नसायचं. माझ्यासाठी थांबा, असं कोणत्या तोंडानं म्हणावं?

पण संगीताचं मन नव्हतं. ब्लाउजवरची मशीनची कलाकुसर असते ना, तिचं डिझाइन आधी कंप्युटरवर काढतात. ते ती शिकली होती, दुसऱ्याच्या कंप्युटरवर. नांदेडचे दोन दुकानदार काम द्यायला तयार होते, अट एकच, कंप्युटर स्वतःचा पाहिजे.

बालाजी म्हणायचा, "पुण्यात न्हाईत का ब्लाउज?"

ती म्हणायची, "ब्लाउज हायत. मला ओळखणारं कोण हाय?"

शेवटी ठरलं. नातीची शाळा सुरू व्हायच्या आत संगीताचा कंप्युटर चालू झाला, तर एक वर्ष इथंच बघायचं. नाही झाला, तर नातीचा दाखला काढायचा आणि पुणे गाठायचं. मी दुकानात गेलो आणि मंजुषाताईला एवढंच म्हणालो, "ताई, कमीत कमीत बसवायचंय. पण चाललं पाहिजे."

*

मधे थोडं हसून घ्या. नांदेडातलेच एक रिटायर हेडमास्तर. कंप्युटर घेऊन गेले, आठवड्यात परत. पाच मिनिटं चालतो आणि बंद पडतो म्हणे. मंजुषाताईनं उघडलं. प्रोसेसर आणि त्यावरचा पंखा यांच्यामध्ये एक पांढरी पेस्ट लावतात, गरमी ओढून घ्यायला. ती गायबच!

"सर, ह्याच्यावरची पेस्ट कुठं गेली?"

सर ताठ बसले. "पेस्ट? पंखा काढला तर आत कुणीतरी चुना सांडला होता. मी स्पिरिटनं स्वच्छ पुसून घेतला."

मंजुषाताईनं नवीन पेस्टची ट्यूब काढली आणि प्रोसेसरवर थेंब टाकला. सर चष्मा वर करून बघतच राहिले.

"अस्सं! म्हणजे तुम्हीच सांडता होय!"

*

संगीता सामान ठरवायला दुकानात आली. येताना एक ब्लाउज घेऊन आली होती. बाहीवर कोयरी काढलेली. मंजुषाताईला म्हणाली, "ही कोयरी उलटी करून दुसऱ्या बाहीला घ्यायची तर हातानं माझी सकाळ जाती. कंप्युटरवर एका बोटाचं काम हाय."

अन्वरभाईनं यादी घेतली. "बेटी, गेम खेळणार का?"

"न्हाई भाई."

"मग चित्राचं हे वेगळं कार्ड कट! ज्याच्या पोटातच चित्राची सोय आहे असा प्रोसेसर घेऊ. हा चमकणारा डबा कशाला? तोही कट!" स्वतःच्याच मालाच्या यादीवर असा काट मारणारा दुकानदार मी दुसरा बघितला नाही.

बोर्ड वरच्या फळीवर होता, दोन वर्षं तिथंच पडून. अन्वरभाईनं तो कमी भावात दिला. प्रोसेसर नवा, त्याच महिन्यात आलेला. मी दोघांचे दोरे बघितले, हिरवा आणि हिरवा! छाती फुगवून म्हणालो, "हा जोड माझ्या हातचा." मंजुषाताई दुसऱ्या गिऱ्हाइकात होती, तिनं नुसती मान हलवली.

*

जोडणी शनिवारी झाली. मे महिना, नांदेडचं ऊन, दुकानात भट्टी. संगीता टेबलाजवळ उभी. बालाजी कंप्युटर न्यायला टेम्पो घेऊन आलेला, पण आत येईना. दारात उभा राहून एका कागदानं वारा घेत होता. तो नातीच्या दाखल्याचा अर्ज होता, सही केलेला. कंप्युटर चालला नाही, तर सोमवारी शाळेत द्यायचा होता.

मंजुषाताईनं त्रिकोणाला त्रिकोण लावला. प्रोसेसर अलगद बसला, दाबायची गरजच नाही. बटण दाबलं. पंखा फिरला. आणि पडदा काळा.

पुन्हा दाबलं. काळाच.

दारातला वारा थांबला. बालाजी हातातल्या कागदाकडं बघत राहिला. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

मी म्हणालो, "ताई, दोन्हीला हिरवा दोरा होता. मीच जोड लावला."

"मामा, जागा एकच हाय. दोरा बरोबर हाय." ती खोक्यावरचं वाचत म्हणाली. "पण बोर्डाच्या पोटात एक यादी असते, कोणकोण आपल्या ओळखीचा त्याची. हा बोर्ड फळीवर बसला त्याच्यानंतर ह्या प्रोसेसरचा जन्म. त्यानं ह्याला कधी बघितलंच न्हाई. मी आधी बघायला पाहिजे होतं."

संगीतानं विचारलं, "मग आता?"

"आता आधी जुना, ओळखीचा प्रोसेसर बसवायचा. तो असताना बोर्डाला नव्याची ओळख करून द्यायची. मग जुन्यानं उठायचं."

"जुना आणायचा कुठून?"

मंजुषाताई आपल्या टेबलाशी गेली. स्वतःच्या टेबलावरचा कंप्युटर बंद केला, त्याचे स्क्रू काढले आणि त्याच्यातला प्रोसेसर उपसला. दिवसभर जो तिच्या कामाचा, तोच! तोही हिरव्याच जोडाचा.

तो बसवला आणि पडदा चालू झाला. नवी यादी भरलेला पेन ड्राइव्ह लावला. मग ती म्हणाली, "आता कुणी हात लावू नका. हे चालू असताना लाइट गेली तर बोर्ड मेला."

लाइट त्या दिवशी सकाळपासून तीनदा गेलेली! लाइट गेल्यावर थोडा वेळ धकवणारं बॅटरीचं खोकं असतं, यूपीएस; दुकानाचं ते जुनं, सगळा भार घ्यायचं नाही. अन्वरभाई उठले. पंखे बंद केले. दिवे बंद केले. बिलाचा कंप्युटर बंद केला. गिऱ्हाइकं घामानं निथळत उभी, त्यातला एक म्हणाला, "भाई, काय चाललंय काय?"

अन्वरभाई म्हणाले, "ऑपरेशन है भाई. पाच मिनट."

आणि खरंच लाइट गेली! बाजूच्या दुकानातले पंखे घरघरत थांबले. आमचं यूपीएस टूं टूं करायला लागलं. पडद्यावर एक पट्टी सरकत होती, गोगलगायीसारखी. सगळ्या दुकानाचे डोळे त्या पट्टीकडं. बालाजी कधी आत आला मला कळलं नाही. तो त्या यूपीएसकडं बघत होता, आणि हातातल्या कागदानं संगीताला वारा घालत होता.

पट्टी भरली. मंजुषाताईनं जुना प्रोसेसर काढून कापडावर ठेवला, नवा बसवला, बटण दाबलं.

पडदा उजळला! एक गिऱ्हाइक टाळ्या वाजवायला लागलं, त्याचं बघून सगळेच. संगीतानं तोंडाला पदर लावला. मी अन्वरभाईचा हात धरला, तर ते म्हणाले, "मामू, हात सोडा, पंखा लावू द्या!"

टाळ्या थांबल्या. बालाजी मंजुषाताईच्या टेबलाजवळ गेला. हातातला कागद सरळ केला, उलटा करून कोरी बाजू वर ठेवली आणि तिच्यापुढं सरकवला.

"ताई, ह्याच्यावर लिहून द्या. आमच्या मुदखेडला लाइट लई जाती. ह्याला यूपीएस कोणतं लागंल?"