न उघडलेले शिंपले

घराबाहेर पडताना काका दारात थांबून खिसे चाचपायचे आणि पुटपुटायचे, "चष्मा, किल्ली, रुमाल." काकू गेल्यावर त्यात चौथा शब्द आला, "गॅस." मग चपला काढून पुन्हा आत जाऊन बघून यायचे. असं रोज.

चौथ्या शब्दाला कारण होतं. एकदा दूध गॅसवर ठेवून ते आपल्या घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात निघून गेले आणि स्वयंपाकघराची भिंत काळी झाली. त्यांची मुलगी, म्हणजे माझी ताई, दुसऱ्या शहरातून धावत आली. "बस झालं बाबा. आता माझ्याकडे चला."

काकांना घर सोडायचं नव्हतं, दुकान तर नव्हतंच. त्यांनी महिनाभराची मुदत मागितली. "तुझ्या आवडीचा तो कोळंबी-शिंपल्यांचा पास्ता मी एकट्यानं करून घालीन. जमला तर इथेच राहीन. नाही जमला, तर बॅग भरीन."

ताईनं कृती कागदावर लिहून दिली. ठरलेल्या रविवारी मी सकाळी नऊला पोचले, तेव्हा काका डोळ्याला भिंग लावून स्वयंपाकघरात बसले होते. पुढ्यात स्वच्छ पंचा, त्यावर शिंपल्यांच्या सरळ रांगा, आणि हातात घड्याळाचं मागचं झाकण उचकटायची बोथट सुरी.

"काका, हे काय चाललंय?"

"हिनं लिहिलंय बघ, न उघडलेले शिंपले फेकून द्या. इथे तर एकही उघडलेला नाही! म्हणून काय सगळे फेकू? अगं, झाकण घट्ट बसलं म्हणून कुणी घड्याळ फेकतं का?"

शिंपले वाफेवर आपोआप उघडतात आणि त्यातूनही जे मिटून राहतात ते टाकायचे असतात, हे मला ठाऊक होतं. पण एव्हाना निम्म्याहून जास्त उघडून झाले होते, आणि काका त्यात असे रंगले होते की मी गप्प बसून लसूण सोलायला घेतला.

शिंपल्यातून निघालेलं पाणी मात्र त्यांनी एका वाडग्यात जपून ठेवलं होतं. उघडलेल्या वस्तूतलं काहीही काम संपेपर्यंत टाकायचं नाही, हा दुकानाचा नियम. ते पाणी त्यांनी दुहेरी फडक्यातून दोनदा गाळलं. तेलात लसूण परतला, टोमॅटो घातले, मग कोळंबी, मग ते पाणी. पास्ता उकळताना मनगटावरच्या घड्याळावरून नजर हलवली नाही. शिंपल्यांचं मांस अगदी शेवटी, मिनिटभर.

ताई दुपारी एकला आली. गाडीत सामान बांधायला घडी केलेली खोकी होती. ती मी पाहिली, काकांनीही पाहिली.

ती जेवायला बसली. काका स्वतःचं ताट सोडून तिच्या तोंडाकडे बघत होते.

"वाळू लागतेय?"

"नाही."

"कोळंबी चिवट?"

"बाबा, जेवू द्याल का मला?" तिनं पुन्हा वाढून घेतलं. मग थांबली. "शिंपल्यांची कवचं कुठायत?"

काकांनी सगळं सांगितलं. ताई आधी हसली, मग हसता हसता तिला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. "साडेतीन तास? अहो, कढईवर झाकण ठेवलं असतंत तर पाच मिनिटांत उघडले असते!"

"मग तसं लिहायचं होतंस," काका फणकारले. "तुझीच चूक आहे. माझी बॅग नाही भरायची."

ताईनं ताटात उरलेला रस पावानं पुसून खाल्ला आणि म्हणाली, "ती खोकी दुकानात ठेवा. जुनी घड्याळं ठेवायला होतील."

त्यानंतर काका चार वर्षं त्याच घरात राहिले. महिन्यातून एका रविवारी ताई यायची. पास्ता व्हायचा, आणि शिंपले काका सुरीनंच उघडायचे. वाफेवर एकदा करून पाहिले होते. "त्यात आपलं काहीच काम नाही," म्हणाले.

गेल्या थंडीत, दुपारी दुकानातच, खुर्चीत बसल्या बसल्या गेले. त्या दिवशी सकाळी त्यांनी ताईला फोन केला होता. रविवारचं ठरवून झालं, आणि ठेवता ठेवता म्हणाले, "येताना दोन लिंबं आण गं. पातळ सालीची बघून घे, मागच्या खेपेची नुसती बियांनी भरलेली होती."