फणीबाईचे चार ऐतवार

फणीबाईच्या हातांना कायम करंजाच्या तेलाचा वास यायचा, आणि त्याच हातांनी ती आमच्या भाकरी थापायची. पहिला आठवडाभर मला घास गिळवेना. शिरूर कासारजवळच्या एका गावात, ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलींसाठी हंगामापुरतं वसतिगृह होतं. मी तिथली नवी शिक्षिका, ती स्वयंपाकीण. अंबाड्यात कायम खोचलेल्या लाकडी फणीमुळे सगळ्या तिला फणीबाईच म्हणत. उवा काढायची फणी डोक्यात खोचून स्वयंपाक करणारी बाई!

रविवारी सकाळी ती मुलींना अंगणात उन्हाला बसवायची. आदल्या संध्याकाळी सगळ्यांच्या डोक्याला कोमट तेल लावलेलं असे. केसांचे चार भाग करून प्रत्येक भाग मुळापासून टोकापर्यंत विंचरायचा आणि दर वेळी फणी पांढऱ्या फडक्यावर पुसायची. त्या फडक्यावर काय वळवळायचं, ते आजही लिहवत नाही. मग भिजवून उकळलेल्या शिकेकाई-रिठ्याचं पाणी. एखादी खसाखसा नखं लावायला लागली की फणीबाई ओरडायची, "पेरानं चोळ गं! डोकं हाय ते, तवा न्हाई."

केस पुरते वाळल्याशिवाय ती कुणाला वेणी घालू देत नसे. "ओला कडबा रचला तर कुजतो न्हाई का? तसंच हाय हे," असं म्हणायची. एकीचा पंचा दुसरीने घेतलेला तिला खपत नसे. मी शांपूच्या पुड्या आणून दिल्या, तर त्या तिने भांड्यांना वापरल्या.

सगळ्यात जास्त उवा सुनीच्या डोक्यात होत्या. नऊ वर्षांची पोर. एका हाताने डोकं खाजवायची आणि त्याच हाताने माझा पदर धरायची. मी झटकन मागे सरायची. उसाला जाताना तिच्या आईने तिची वेणी मोजली होती. "तीन विता अन् चार बोटं," सुनी कुणालाही सांगायची. "माय आली की परत मोजणार हाय, किती वाढली ते."

मी फणीबाईला म्हटलं, "कापून टाका ते केस. सगळ्यांना लागण होईल."

"बाई, चार ऐतवार द्या मला. उवा जातील, केस ऱ्हातील. मायीनं मोजलेली वेणी हाय. कावून कापायची?"

मी हो म्हटलं. दोन रविवार गेले. फडक्यावरच्या उवा खरंच कमी झाल्या होत्या, पण माझी किळस कमी होईना. तिसऱ्या आठवड्यात सुनी पाढे दाखवायला आली आणि माझ्या हजेरीपटावरून एक ऊ चालत गेली. फणीबाई शिकेकाई आणायला बाजारला गेली होती. मी कात्री घेतली, वेणीला हात लागू नये म्हणून ती वर्तमानपत्राच्या कागदात धरली आणि मुळाशी कापली. सुनी रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "बाई, कापलेली मोजली तर चालंल का?"

मी ती वेणी चुलीत टाकली.

फणीबाई परतली तेव्हा स्वयंपाकघरात केस जळाल्याचा वास भरला होता. तिने पिशवी खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि शेंगा फोडायला बसली. रविवारी तिने सुनीला नेहमीसारखंच उन्हात बसवलं. त्या आखूड केसांचेही चार भाग केले.

सुनीच्या आईची टोळी त्या साली लवकर परतली. तिने अंगणातच लेकीला जवळ ओढलं आणि वीत पसरून हात पाठीवर नेला. तो हात तसाच राहिला.

"कुणी कापले?"

सुनीने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी दारातच उभी होते. तोंड उघडणार तोच फणीबाई म्हणाली, "म्या कापले. लई उवा झाल्त्या."

"हात झडू दे तुझे!" आई ओरडली आणि पुढे जे जे तोंडाला आलं ते बोलली. फणीबाईने मुकाट्याने ऐकून घेतलं. मीही मुकाट्याने ऐकलं.

माझं डोकं तेव्हा आठ दिवसांपासून खाजत होतं. दुसऱ्या दिवशी मुली खेळायला गेल्यावर मी फणीबाईसमोर जाऊन बसले. तिने माझी वेणी सोडली, फणी फिरवली आणि पांढरं फडकं माझ्यापुढे धरलं. मी डोळे मिटून घेतले.

"बाई," तिने विचारलं, "कापायचे का?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता, ती खरंच विचारत होती. मी दोन्ही हातांनी केस घट्ट धरले. ते पाहून ती म्हणाली, "बरं. चार ऐतवार लागतील."

तिने ते चारही केले. वसतिगृह बंद झालं, आमच्या वाटा वेगळ्या झाल्या, पुन्हा भेट नाही. माझी वेणी आज कमरेखाली येते. बायका विचारतात, बाई, काय लावता? मी तेल, शिकेकाई, फणी, सगळं सांगते. पण कुणी कौतुकाने माझ्या पाठीवर वीत टेकवली, की मला त्या चुलीचा वास येतो आणि माझी मलाच किळस वाटते.