तारेच्या आतलं गुरचरण

"फुकटचा पैसा माणसाला माजवतो. तुझ्याकडे बघूनच कळतं."

शेठ हे हसत हसत मला म्हणाला. त्याच्या फार्महाऊसच्या ओट्यावर आम्ही गावातले पाच-सहा जण खुर्च्यांवर बसलो होतो. चहा चालला होता. नोकराने शेठला कपात दिला, आम्हाला कागदी ग्लासात. शेठ पुढे म्हणाला, "रस्त्यात जमीन गेली, सरकारने पैसे दिले. लगेच गाडी. लगेच गळ्यात साखळी. कष्टाने कमावलं असतं तर असं मिरवलं असतं का?"

सगळे हसले. मीही हसलो.

त्या हसण्याची किळसवाणी चव अजून माझ्या तोंडातून गेलेली नाही.

आम्हाला बोलावलं होतं ते पाड्यासाठी. आमचं गाव खर्डीच्या वर, डोंगराच्या अंगाला. ओढ्यापलीकडे पाडा. तिथल्या घरांखालची जागा कुणाच्या नावावर नाही. दर पावसाळ्यात डोंगर थोडा सरकतो. पाड्याने ग्रामसभेत मागणी केली होती, गुरचरणातून घरांना जागा द्या. गुरचरण म्हणजे गावाची चराईची जमीन, सगळ्यांची. शेठच्या कुंपणाने त्यातला चांगला तुकडा आत घेतला होता. त्यामुळे त्याला ही मागणी मोडायची होती आणि मोडायला गावचीच तोंडं हवी होती.

त्याला खूश करायला मीच आधी बोललो होतो. "शेठ, या पाड्यावाल्यांना सगळं फुकट पायजे. रेशन फुकट, घर फुकट. फुकट मिळालं की माणूस माजतो." त्याने माझंच वाक्य उचललं आणि माझ्याच थोबाडावर मारलं.

मी पाड्याच्या लोकांसारखा नाही, हे दाखवायला वर गेलो होतो. शेठच्या नजरेत आम्ही सारखेच होतो. माझ्याकडे फक्त गाडी होती.

परतीच्या वाटेत आठवलं, हे वाक्य मी त्याआधी कुणाला ऐकवलं होतं. पाड्यावरच्या काशीमावशीला.

भात कापून भारे उचलले की खाचरात गळालेल्या लोंब्या राहतात. तो सरवा. ज्यांना शेत नाही त्या बाया तो वेचून नेतात. कुणाला विचारावं लागत नाही. बाप गेल्यावर माझी आई काशीमावशीच्या जोडीने दुसऱ्यांच्या खाचरात सरवा वेचायची. त्याचा भात मी खाल्लाय. पुढे आमचं गहाण पडलेलं शेत सुटलं, तेव्हा आई कापणीला मला दटावायची, "बांधाकडचा समदा झाडू नको रे. कुणी तरी येल."

तेव्हा मला ते बरोबर वाटायचं. आसनगावच्या कंपनीने आम्हाला कामावरून काढलं, त्या वर्षी तर मी नाक्यावर ओरडून सांगायचो, बड्यांच्या जमिनी काढा, गरिबांना वाटा. मनापासून सांगायचो. मग रस्ता आला. पैसे आले. उरलेल्या शेताला मी तारेचं कुंपण घातलं आणि एका हंगामात माझी जीभ पालटली. मला कुणी काही शिकवलं नव्हतं, पटवलंही नव्हतं. खिसा भरला आणि मत फिरलं, एवढंच. ज्यांच्या शेतातून रस्ता गेला नाही, त्यांचं आणखी निराळं. ते जळतात आमच्यावर आणि चिडतात पाड्यावर. शेठवर कुणी चिडत नाही. तो हाताला लागत नाही ना.

मागच्या कापणीनंतर काशीमावशी टोपली घेऊन आली. म्हातारी झालीये. मी तारेच्या आत होतो, ती बाहेर. मी म्हणालो, "रेशन फुकट मिळतंय ना? मग सरवा कशाला? माजलात फुकट खाऊन."

ती तारेला हात लावून उभी राहिली. "तुजी आय असती तं?" एवढंच म्हणाली आणि गेली.

शेठकडून उतरलो तो घरी गेलो नाही. गाडी ओढ्याशी ठेवली आणि पाड्यावर चालत गेलो. काशीमावशी दारात नाचणी पाखडत होती. मी म्हणालो, "मावशी, तार काढतोय मी. येत जा सरव्याला."

तिने सूप थांबवलं नाही.

"सरवा नको रे बाला आता. तू आज सोडशील, उद्या पुना आवळशील. आमाला जागा पायजे. जागंचं बोल."

मग तिने विचारलं, "तुज्या तारंत गुरचरण किती गेलाय, ठावं हाय ना तुला?"

ठाऊक होतं. शेठने केलं तसंच मीही केलं होतं, फक्त लहान. खांब रोवताना चार पावलं पुढे रोवले होते. गावात सगळ्यांना दिसलं होतं. कुणी बोललं नाही, कारण ज्याला जमलं त्याने तेच केलं होतं. आणि मी सरवा सोडून धर्मात्मा व्हायला निघालो होतो!

ग्रामसभा देवळाच्या मंडपात भरली. शेठ आला नाही, त्याचा मॅनेजर मागे उभा होता. पाड्याची माणसं, जिथे चपला काढतात त्या जागी बसली होती, काशीमावशी त्यांच्यात. सरपंचाने विषय वाचला, "गुरचरणात जागाच शिल्लक नाही, असं म्हणणं आहे," म्हणाला आणि माझ्याकडे बघितलं. पहिला विरोध मी करायचा, असं शेठच्या ओट्यावर ठरलं होतं.

मी उठलो. "जागा हाय. आमी गिळलीये. मोजणी लावा. पहिला खांब माझा उपटा. मग वर जा, शेठच्या गेटापर्यंत."

माझा चुलतभाऊ ओरडला, "काय रे, गाडीत बसून गरिबी आठवली का?" मंडप हसला. मॅनेजर फोन कानाला लावून बाहेर गेला.

या वेळी मी हसलो नाही. "हो, आठवली," म्हणालो. "आमच्या घरातही सरकारचाच पैसा आलाय. तो आमचा हक्क, आणि पाड्याने मागितलं की फुकट? हे वाक्य मीच बोलत होतो. आता बोलणार नाय."

ठराव झाला नाही. पुढच्या सभेवर ढकलला. चुलतभावाने बोलणं टाकलंय. काशीमावशीही अजून धड बोलत नाही, आणि तिने का बोलावं?

माझे खांब मी उपटलेत. खड्डे बुजवले नाहीत, मोजणीवाल्याला दिसले पाहिजेत. पुढच्या सभेला मी चपलांच्या जागी बसणार आहे आणि शेठच्या गेटाकडे बोट दाखवणार आहे. त्यानंतरच्या सभेलाही.