बोअरवाल्याची बादली

आमच्या वर्धेच्या ऑफिसात येणारा बोअरवाला दाराबाहेर चपला काढतो, कम्प्युटरला नमस्कार करतो आणि मग माझ्या चुका काढतो. त्या बहुतेक खऱ्या असतात, हीच अडचण.

परवा मी कम्प्युटरवर एका इमारतीचं मॉडेल करत होतो. खोल्यांतली उष्णता नळ्यांमधून खोल जमिनीत सोडायची. पडद्यावर भर मे महिन्यात सगळं गारेगार.

“जमीन किती डिग्री धरली?” बोअरवाला मागून डोकावला.

“दहा. परदेशी सॉफ्टवेअरमध्ये आधीच भरलेली होती.”

तो बाहेर गेला, बोअरच्या पाण्यानं बादली भरून आणली आणि अर्धी माझ्या पायांवर ओतली. पाणी चक्क कोमट!

“शंभर फुटावरचं हाय, साहेब. दहा डिग्री लागून राह्यलं काय?”

मी आकडा बदलला. पडद्यावरची इमारत तापली. त्यानं उरलेलं पाणी कूलरमध्ये ओतून बटण दाबलं.

“हे मॉडेल आपल्या वर्धेचं.”